हळद, कडुनिंब आणि कुत्र्याची जीभ

कुत्र्याच्या कातडीला होणाऱ्या जिवाणूजन्य संसर्गाला पशुवैद्यकात पायोडर्मा म्हणतात. पायोडर्मा म्हणजे पू धरणारा त्वचारोग, आणि बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस नावाचा एकच गोलाणू असतो. 2005 साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद होईपर्यंत तो दुसऱ्याच एका भावंड-जातीच्या नावाने ओळखला जात होता. निरोगी कुत्र्याच्या नाकपुड्यांत, तोंडात आणि गुदद्वाराभोवती तो मुळातच वस्तीला असतो. पिसवा, ॲलर्जी, गोचीड, थायरॉइडची कमतरता किंवा नुसता सततचा ओलावा अशा एखाद्या कारणाने कातडीचा बांध ढिला पडला की तो त्या जागी वाढू लागतो. त्यामुळे दवाखान्यात दिसणारा पायोडर्मा जवळजवळ नेहमीच दुसऱ्या कोणत्या तरी विकाराच्या पाठोपाठ आलेला असतो, आणि त्यावर बाहेरून काय लावावे हा प्रश्न निम्मा तरी अपुरा असतो.

खोलीनुसार या संसर्गाचे तीन थर मानले जातात. पहिल्या थरात जिवाणू कातडीच्या पृष्ठभागावरच वाढतात. पग किंवा बुलडॉगच्या चेहऱ्यावरील घड्यांत होणारी चिकट लाली आणि एका रात्रीत उमटणारा ‘हॉट स्पॉट’ ही त्याची नेहमीची रूपे आहेत. दुसऱ्या थरात संसर्ग केसांच्या मुळांशी, म्हणजे केसकूपाच्या तोंडाशी उतरतो, पुटकुळ्या येतात, त्या फुटतात आणि कडेने सालपट सुटलेली गोल चकती मागे राहते. ही चकती पाहून घरचे लोक तिला नायटा समजतात व माणसांच्या औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावतात, हा प्रकार शहरातही वारंवार घडतो. तिसरा थर खोल असतो, त्यात केसकूप फुटून पू आतल्या ऊतींत पसरतो आणि गाठी, भोके व रक्तमिश्रित स्राव दिसतो. जर्मन शेफर्डमध्ये हा प्रकार विशेष चिवट असतो. वनस्पतिजन्य लेपांबद्दल पुढे जे म्हटले आहे ते पहिल्या दोन थरांपुरतेच आहे.

महाराष्ट्रात, त्यातही कोकणपट्टी आणि मुंबईच्या दमट हवेत, पावसाळा सुरू झाला की असे रुग्ण वाढतात. त्यांतील बरेचसे दवाखान्याच्या टेबलावर येतात तेव्हा आधीच काही ना काही लावलेले असतात. पांढऱ्या लॅब्राडोरची पाठ पिवळी असते, किंवा कानामागचे केस खोबरेल तेलाने चिकटून बसलेले असतात, किंवा करंजाच्या तेलाचा उग्र वास तपासणीच्या खोलीत कुत्र्याच्या आधी शिरतो. “डॉक्टर, घरचीच हळद आहे, काही होणार नाही,” हे वाक्य इतक्या निरागस खात्रीने उच्चारले जाते की त्याचा प्रतिवाद करण्याऐवजी आधी जागा स्वच्छ करून घेणेच शहाणपणाचे ठरते. एक तर पिवळेपणाखाली कातडीची खरी लाली दिसत नाही. दुसरे म्हणजे निदानासाठी काचपट्टी दाबून किंवा सेलोटेप चिकटवून जो नमुना घेतला जातो, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जांभळे गोलाणू आणि त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसण्याऐवजी हळदीतील पिष्टाचे ढेकूळ आणि तेलाचे गोळेच डोळ्यांत भरतात. अशी काचपट्टी निरुपयोगी असते. जागा कोमट पाण्याने पुसून, सुकवून दुसरा नमुना घ्यावा लागतो, आणि तेवढ्या पुसण्यानेच पृष्ठभागावरचे पुष्कळसे जिवाणू आणि पू निघून गेलेले असतात. या शेवटच्या गोष्टीचा विचार पुढे पुन्हा करावा लागेल.

वनस्पतींकडे हात आपोआप जातो तो मुख्यतः गुराढोरांच्या परंपरेमुळे. शेतकऱ्याच्या गोठ्यात जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून भरतात, खरजेवर करंजाचे तेल आणि गंधक चोळतात, आणि ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या वापरून तावून सुलाखून घेतलेली आहे. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातील पशुपालकांकडील अशा ज्ञानाची नोंद पुण्याच्या ‘अंथ्रा’ या महिला पशुवैद्यांनी उभारलेल्या संस्थेने बारकाईने केली आहे. अलीकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही दुभत्या जनावरांसाठी वनस्पतिजन्य उपचारांचा प्रसार केला असून, कासदाहावरील त्यांचा कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम हा लेप अनेक दूध उत्पादकांना तोंडपाठ झाला आहे. गाईच्या कासेवर हा लेप दिवसातून अनेकदा लावून धुतला जातो, आणि गाय आपली कास चाटत बसत नाही.

कुत्रा चाटतो. या एका फरकामुळे गोठ्यातील लेप घरात आणणे धोक्याचे होते, आणि याची जाणीव उपचार सुचवणाऱ्यांनाही क्वचितच असते. गुरांच्या जखमेवरील प्रचलित तेलात खोकली, कडुनिंब, तुळस, मेंदी यांच्यासोबत लसूण असतो. गाईला तो चालतो, परंतु कांदा-लसणातील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात आणि पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यास रक्तक्षय ओढवू शकतात. चुन्याचेही तसेच आहे. त्याचा दाहक अल्कधर्मी लेप जिभेला आणि अन्ननलिकेला भाजतो, शिवाय कुत्र्याच्या कातडीचा सामू माणसाच्या मानाने मुळातच उदासीनाकडे झुकलेला, म्हणजे साधारण 7 च्या आसपास असतो, तर माणसाचा आम्लधर्मी, सुमारे 5.5 असतो. कुत्र्याची बाह्यत्वचाही पातळ असते, केसाळ भागात जिवंत पेशींचे अवघे तीन ते पाच थर असतात, त्यामुळे माणसाच्या हाताला न झोंबणारा लेप कुत्र्याच्या पोटावर झोंबतो. झोंबले की कुत्रा अधिकच चाटतो. बाहेरून लावलेले प्रत्येक औषध काही वेळाने तोंडावाटे घेतलेले औषध होते, असे धरूनच कुत्र्याच्या त्वचेवर उपचार करावे लागतात. गळ्यात प्लास्टिकचा कोन घालणे, लेप लावल्यावर दहा मिनिटे कुत्र्याला फिरवत ठेवणे किंवा जेवणाच्या वेळीच औषध लावणे हे उपाय म्हणूनच उपचाराचा भाग आहेत. घरच्यांना कोन घातलेला कुत्रा केविलवाणा वाटतो आणि ते तो रात्री काढून ठेवतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही.

हळदीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिच्याभोवती अभिमानाचे वलय आहे. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान देऊन 1997 मध्ये ते रद्द करवले. तो विजय हा वापर आपल्याकडे जुना आहे याबद्दलचा होता. हळद कुत्र्याच्या पायोडर्मावर किती परिणामकारक आहे, हा प्रश्न त्यात नव्हताच, तरी पुष्कळांच्या मनात दोन्ही एकत्र मिसळले आहेत. हळदीतील प्रमुख रंगद्रव्य कुरक्युमिन जिवाणूंची वाढ रोखते हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, प्रकाशात विघटित होते आणि उदासीन किंवा अल्कधर्मी माध्यमात झपाट्याने मोडते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो तो याच रसायनशास्त्रामुळे. पाण्यात कालवलेली हळद लावली तर कातडीवर रंगीत कणच बसतात. तेलात कालवली तर कुरक्युमिन थोडे अधिक विरघळते, पण ओलसर, पाझरणाऱ्या जागेवर तेलाचा थर बसून खालचा ओलावा कोंडला जातो, आणि हॉट स्पॉटला नेमके तेच नको असते. त्यात बाजारातील सुट्या हळदीचा भरवसा नाही. पिवळेपणा वाढवण्यासाठी लेड क्रोमेटसारख्या शिशाच्या संयुगाची भेसळ दक्षिण आशियात नोंदली गेली आहे, आणि जो लेप चाटला जाणार आहे त्यात शिसे असण्याची शक्यता नुसती अप्रिय नाही. सांगलीची उत्तम हळद असली तरी ती अन्नात ज्या गुणांसाठी वाखाणली जाते ते गुण केसकूपाच्या तोंडाशी लपलेल्या जिवाणूपर्यंत पोहोचतात असे नाही.

कडुनिंबाचे स्थान त्यामानाने भक्कम आहे, आणि त्याचे श्रेय अनेकदा चुकीच्या गुणाला दिले जाते. बियांतील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य प्रामुख्याने कीटकांच्या वाढीत व खाण्यात अडथळा आणते. जिवाणूंवर त्याचा मोठा भरवसा ठेवता येत नाही, परंतु पिसवा आणि खाज कमी झाल्याने ओरबाडणे थांबते आणि संसर्गाला मिळणारे खतपाणी तुटते. पाल्याचा काढा करून, गाळून, पूर्ण थंड करून अंघोळीनंतर शेवटचे पाणी म्हणून अंगावर ओतणे हा त्यातला सर्वांत निरुपद्रवी आणि बऱ्याच वेळा उपयोगी पडणारा वापर आहे. काढा रोज ताजा असावा लागतो, कारण परिरक्षक नसलेला वनस्पतीचा अर्क बादलीत दोन दिवस राहिला की त्यातच जिवाणू वाढू लागतात आणि औषध म्हणून ओतलेले पाणी संसर्गाचा नवा स्रोत ठरू शकते. निंबोळीचे तेल हा वेगळाच पदार्थ आहे. ते निखळ लावले तर कातडी लाल होते, वासाने कुत्रा बेचैन होतो आणि चाटल्यास लाळ गळणे व उलट्या होतात. लहान मुलांत तोंडावाटे गेलेल्या निंबोळी तेलाची गंभीर विषबाधा वैद्यकीय नोंदींत आहे. छोट्या पिल्लाच्या अंगावर ते लावताना हे लक्षात ठेवलेले बरे. घरात मांजर असेल तर अधिकच, कारण मांजर कुत्र्यालाही चाटते.

कोरफड, करंज आणि तयार हर्बल मलमे यांच्याबद्दल लांबण लावण्याची गरज नाही. कोरफडीचा पारदर्शक गर थंडावा देतो आणि सहसा सोसतो, परंतु पान कापताच सालीखालून जो पिवळा चीक निघतो त्यातील द्रव्ये रेचक असतात. पान कापून काही वेळ उभे ठेवून चीक गळू दिला नाही तर लेप लावलेल्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी जुलाब होतात आणि घरचे लोक त्याचा संबंध जेवणाशी लावतात. करंजाच्या तेलाची कीर्ती खरजेवरून आली आहे. खरूज सूक्ष्म किडीमुळे, म्हणजे माइटमुळे होते, आणि तेथे गंधकासह त्याचा उपयोग दिसल्याने पुवाच्या फोडीवरही तेच लावले जाते, जरी दोन्ही रोग अगदी निराळे असले तरी. देवदार, करंज, कडुनिंब, निलगिरी यांची बाजारातील मलमे व फवारे बहुधा गुरांच्या जखमा आणि माशा डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेली असतात. ती कुत्र्यावर वापरता येतात, पण उघड्या, चाटता येण्याजोग्या मोठ्या पृष्ठभागावर नव्हेत.

सुगंधी तेलांची गोष्ट मात्र जपून सांगावी लागते, कारण ‘नैसर्गिक’ या शब्दावर सर्वांत जास्त विश्वास इथे ठेवला जातो आणि सर्वांत मोठा घातही इथेच होतो. ऑस्ट्रेलियातील मेलाल्युका झाडापासून निघणाऱ्या टी ट्री तेलात टर्पिनेन-4-ओल हे खरोखरच जिवाणुनाशक द्रव्य आहे, आणि सौम्य प्रमाणातील मलमाचा कुत्र्यांच्या खाजऱ्या त्वचादाहावर युरोपात नियंत्रित अभ्यासही झालेला आहे. तेच तेल शुद्ध स्वरूपात लावल्यावर काय होते याचा पुरावा 2014 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 2002 ते 2012 या काळातील 443 विषबाधांची ती नोंद होती, त्यातील 337 कुत्रे आणि 106 मांजरे. लाळ गळणे, सुस्ती, थरथर आणि मागच्या पायांतील अशक्तपणा ही त्यांची लक्षणे होती. आपल्याकडे टी ट्री तेल अलीकडे ऑनलाइन सहज मिळू लागले आहे, आणि बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध’ असे लिहिलेले असणे हेच ते न लावण्याचे कारण आहे, हे ग्राहकाला समजावताना बरीच शक्ती खर्च होते. लवंग, ओवा आणि कापूर यांचीही गत वेगळी नाही. लवंगेतील युजेनॉल आणि ओव्यातील थायमॉल जिवाणू मारतात हे खरे, पण ज्या प्रमाणात मारतात त्या प्रमाणात कातडीही भाजू शकतात, आणि कापूर तर पोटात गेल्यास झटके आणतो.

प्रयोगशाळेतील तबकडी आणि कुत्र्याची कातडी यांच्यातील अंतर समजून घेतल्याशिवाय या वादाला तळ लागत नाही. तबकडीवर जिवाणूंचा थर पसरून त्यावर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात आणि तिच्याभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ मोजतात. वर्तुळ जितके मोठे तितका अर्क प्रभावी, असा निष्कर्ष काढला जातो. हा अर्क बहुधा मद्यार्कात काढून आटवलेला असतो, तबकडीवर पू नसतो, केस नसतात, तेलकट सालपटे नसतात आणि तो अर्क तेथे अठरा ते चोवीस तास हलत नाही. कातडीवर हाच अर्क सौम्य काढ्याच्या रूपात लावला जातो, पुवातील प्रथिने त्यातले बरेचसे सक्रिय द्रव्य बांधून टाकतात, आणि काही मिनिटांत उरलेले जिभेवर जाते. ‘अमुक वनस्पती स्टॅफिलोकॉकसवर गुणकारी’ अशा शीर्षकाच्या अनेक शोधनिबंधांतला दोष मापनात नसतो. ते जेथे थांबतात तेथून पुढची वाट कोणी चालत नाही, ही अडचण असते.

या सर्व भेदांपलीकडे दवाखान्यात एक गोष्ट सातत्याने दिसते. जुलैतील एखादा गोल्डन रिट्रीव्हर गालाखाली रुपयाएवढा ओला डाग घेऊन येतो, केस पिवळसर स्रावाने एकमेकांना चिकटलेले असतात आणि हात लावताच तो दात दाखवतो, कारण हे दुखणे विलक्षण असते. वेदनाशामक देऊन, गरज पडल्यास गुंगी आणून, बारीक पात्याच्या यंत्राने केस काढायला घेतले की रुपया तळहाताएवढा होतो. डागाची खरी कड केसांखाली कितीतरी पुढे गेलेली असते, आणि निरोगी कातडीची बोटभर पट्टी दिसेपर्यंत केस काढावेच लागतात. मग कोमट पाण्याने खपल्या भिजवून उतरवणे, जंतुनाशकाने पुसणे आणि शेवटी पंख्याखाली ती जागा पूर्ण कोरडी करणे. दुसऱ्या दिवशी ती जागा अर्धी सुकलेली दिसते, मग त्यावर कोरफड लावली असो, क्लोरहेक्सिडिन लावले असो वा काहीच नाही. केसांवरून हळद थापलेल्या कुत्र्यात हेच घडत नाही, कारण हवा आणि पाणी खालपर्यंत पोहोचलेलेच नसते. वनौषधींना मिळणारे पुष्कळसे यश धुण्याचे, केस काढण्याचे आणि वाळवण्याचे असते. वनस्पतीचा वाटा त्यातून वेगळा काढून दाखवणे अवघड आहे, आणि तो शून्य आहे असे म्हणणेही तितकेच धाडसाचे आहे.

तरीही बाहेरून लावण्याच्या उपचारांचे महत्त्व गेल्या काही वर्षांत वाढलेलेच आहे. मेथिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस कुत्र्यांत आढळू लागले आणि नेहमीच्या गोळ्या त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरू लागल्या. त्यांच्यातील मेकए नावाचे जनुक सेफॅलेक्सिनसारखी औषधेही निकामी करते. सोबतच्या प्राण्यांच्या संसर्गरोगांविषयीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पृष्ठभागावरच्या आणि उथळ पायोडर्मासाठी केवळ बाह्योपचार हीच पहिली निवड मानली आहे, आणि गोळ्या खोल संसर्गासाठी किंवा बाह्योपचार शक्य नसेल तेव्हासाठी राखून ठेवल्या आहेत. या बाह्योपचारांत सर्वाधिक पुरावा क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूमागे आहे, साधारण 2 ते 4 टक्के, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी फेस अंगावर दहा मिनिटे राहू देऊन. या दहा मिनिटांतच उपचार फसतो. फेस लावून लगेच धुणारे घर औषधाला दोष देते आणि पुन्हा घरगुती लेपाकडे वळते. शिवाय क्लोरहेक्सिडिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, साबणाच्या फेसाशी बांधला जाऊन तो निष्क्रिय होतो. म्हणून आधी कडुनिंबाच्या साबणाने घासून नीट न धुता त्यावर औषधी शाम्पू लावणाऱ्याचे दोन्ही उपाय एकमेकांना मारतात.

कडुनिंबाचा ताजा काढा आणि चीक गाळलेली कोरफड यांना दवाखान्याच्या कामात जागा मिळते ती या चौकटीत, म्हणजे औषधी अंघोळींच्या मधल्या दिवसांत, केस काढलेल्या व कोरड्या जागेवर, कोन घातलेल्या कुत्र्यावर, आणि संसर्ग उथळ असल्याचे काचपट्टीने दाखवल्यानंतर. घरच्यांच्या हाताला काही करण्याचे समाधान मिळते आणि ते दहा मिनिटांची शिस्त पाळायला अधिक तयार होतात, हाही त्याचा कमी लेखण्यासारखा उपयोग नाही. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर नमुना जिवाणूसंवर्धनासाठी पाठवावा लागतो. फरक पडून महिन्याभरात रोग उलटला तर लेप बदलण्यापूर्वी शेपटीच्या मुळाशी पिसवांची काळी विष्ठा आहे का ते बारीक फणीने पाहावे, ती ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवून तांबूस डाग उमटतो का ते तपासावे, थायरॉइडची चाचणी करावी आणि खाज वर्षाच्या ठराविक ऋतूत वाढते का ते घरच्यांना विचारावे. पिसवा आढळल्या तर त्यांच्यावरचे उपचार त्याच गोधडीवर झोपणाऱ्या घरातील दुसऱ्या प्राण्यालाही द्यावे लागतात, आणि गोधडी कडक उन्हात वाळवावी लागते, जे पावसाळ्यात मुंबईत जवळजवळ अशक्य असल्याने ती बदलणेच सोयीचे पडते.